कळपाचा वैद्य

माणसाच्या वैद्यकांत रोगी कोण, हा प्रश्न सहसा उद्भवत नाहीं. खाटेवर पडलेला असतो तो रोगी. उशाशीं बसून नाडी पाहतो तो वैद्य. दाराशीं उभे राहून काळजी करितात ते आप्त. तिघांचीं कामें वेगळीं असलीं तरी खाटेवरचा माणूस उठून बसावा, हा हेतु तिघांचाही एकच. पशुवैद्यकांत ही व्यवस्था पहिल्याच पावलाला मोडते. तेथें दुखणें एकाचें, पैसे दुसऱ्याचे आणि भीति तिसऱ्याला. त्यांतही रोग सांसर्गिक असला म्हणजे वैद्यानें ज्याच्या अंगावर हात ठेवला तोच बहुधा त्याचा खरा रोगी नसतो. खरा रोगी गोठ्यांतल्या उरलेल्या शंभर जनावरांत असतो, शेजारच्या गांवांत असतो, किंवा सकाळीं दुधाची पिशवी फोडणाऱ्या एखाद्या घरांत असतो. आणि आपल्यावर कांहीं संकट येऊं घातलें आहे, याची त्याला वार्ताही नसते. अशा वेळीं समोरच्या मुक्या जिवाशीं वैद्याचें नातें कोणतें? पशुवैद्यक महाविद्यालयांत सांसर्गिक रोगांचें संशोधन व शिक्षण जेथें चालतें त्या विभागांत या प्रश्नाचें उत्तर रोज कृतीनें दिलें जात असतें. लेखणीनें मात्र त्याचा विचार फारसा झालेला दिसत नाहीं. तो येथें करावा असा आमचा हेतु आहे.

प्रश्न दूरचा वाटूं नये म्हणून तो आपल्या उपनगरांतच मांडून पाहूं. मुंबई शहरांतील कोंदट तबेल्यांतून म्हशी बाहेर काढाव्या, त्यांस मोकळी हवा मिळावी आणि नागरिकांस निर्भेळ दूध मिळावें, या हेतूनें १९४९ सालीं गोरेगांवच्या पूर्वेस आरे दुग्धवसाहत स्थापन झाली. दारा खुरोडी यांच्या कर्तृत्वाचें हें फळ. तीन हजारांहून अधिक एकर जमिनीवर बत्तीस गोठे वसले, आणि अंधेरीपासून बोरिवलीपर्यंतची एक सबंध पिढी आरेच्या बाटलींतल्या दुधावर वाढली. परळच्या पशुवैद्यक महाविद्यालयाचाही एक परिसर पुढें याच वसाहतींत झाला. परंतु जेथें दूरदूरच्या बाजारांतून आलेलीं हजारों जनावरें एकत्र राहतात तेथें रोगही एकत्र राहावयास येतात.

अशा एखाद्या तबेल्यांत, समजा, एक म्हैस सातव्या महिन्यांत गाभडली. रक्ताची परीक्षा झाली आणि रोग ब्रुसेलोसिस, म्हणजे सांसर्गिक गर्भपाताचा, ठरला. म्हैस दिसावयास धडधाकट आहे. पुढल्या खेपेस ती कदाचित् नीट विईलही. दूध तर देईलच. पण तिच्या वारेंतून, स्रावांतून व दुधांतून जंतु बाहेर पडत राहणार, आणि औषध देऊन तिला निर्दोष करण्याचा भरंवशाचा उपाय नाहीं. मालक सज्जन आहे. तो म्हणतो, “डॉक्टरसाहेब, मुकें जनावर आहे, त्याला मारण्याचें पाप माझ्या हातून होणार नाहीं. तुम्ही कागद पुढें पाठवूं नका, मी तिला बाजारांत विकून टाकतों.” तो ढोंग करीत नाहीं, त्याला खरोखरच दया आलेली आहे. त्या दयेच्या पोटीं म्हैस दुसऱ्या तबेल्यांत जाते, तेथल्या म्हशी गाभडूं लागतात, आणि धार काढणाऱ्या एखाद्या गड्याला महिनेन् महिने येणारा-जाणारा ताप व सांधेदुखी जडते. त्या तापाचें नांवही त्याला कोणी सांगत नाहीं. ज्या विद्यार्थ्यानें पहिल्या म्हशीची अडकलेली वार हात घालून काढली त्याचीही यांतून सुटका नसते. हा रोग पशुवैद्यांच्या हाताला चिकटणाऱ्या जुन्या रोगांपैकीं एक आहे, आणि त्याच्या लशीची सुई चुकून बोटांत गेली तरी तो होऊं शकतो.

अशा पेंचावर जगांत दोन तयार उत्तरें आहेत. पहिलें हिशेबी माणसाचें. तो म्हणतो, एक मारून शंभर वांचत असतील तर मारावें. यांत विचार तो कसला करावयाचा? कायदा बहुतेक याच बाजूस उभा राहतो. घोड्यांच्या ग्लँडर्स नामक रोगासाठीं हिंदुस्थानांत १८९९ सालीं स्वतंत्र कायदा झाला. घोडा वरून ठीक दिसत असला तरी परीक्षेंत रोगी ठरल्यास त्याला ठार करावें, असा त्याचा मथितार्थ होता. कारण तो रोग माणसालाही होतो आणि बहुधा प्राण घेतो. त्या कायद्याची जागा पुढें २००९ च्या सांसर्गिक पशुरोगांच्या कायद्यानें घेतली. फेब्रुवारी २००६ मध्यें नंदुरबार जिल्ह्यांतील नवापूर येथें बर्ड फ्लूची भारतांतली पहिली सांथ आढळली तेव्हांही हाच न्याय लागू झाला. आपादमस्तक झांकलेलीं माणसें कोंबड्यांच्या एका छपरांतून दुसऱ्या छपरांत गेलीं, आणि रोगट व निरोगी असा भेद न करितां लाखों पक्षी मारून पुरले गेले. त्याच वर्षीं महाराष्ट्रांत ग्लँडर्सही पुन्हां डोकावला. हे निर्णय चुकीचे होते असें आम्ही म्हणत नाहीं. त्या घटकेस दुसरा मार्ग कोणाच्याच हातीं नव्हता. आमची तक्रार हिशेबाविरुद्ध नाहीं, हिशेब बरोबर आला म्हणजे देणें फिटलें असें समजणाऱ्या वृत्तीविरुद्ध आहे. नुकसानभरपाई मालकाला मिळते. ज्याचा जीव गेला त्याच्यापुरतें तें खातें उघडेंच राहतें.

दुसरें उत्तर आपल्या भूमीचें, आणि मुंबईंत तर त्याला मोठा इतिहास आहे. १८३२ च्या जून महिन्यांत सरकारच्या हुकुमानें रस्त्यावरचीं कुत्रीं मारलीं जाऊं लागलीं, तेव्हां कोटांतल्या पारशी मंडळींनीं मोठा दंगा केला. दोनच वर्षांनीं, १८३४ सालीं, जमशेटजी जिजिभाई व शेठ मोतीशहा यांच्या पुढाकारानें भुलेश्वरची पांजरपोळ उभी राहिली. घाटकोपर-मुलुंडकडील ज्या कुटुंबांतून आजही महिन्याच्या खर्चांत गाईच्या चाऱ्याचे पैसे निराळे काढून ठेवतात, त्यांच्या मागें ही परंपरा उभी आहे, आणि तिला हंसणें आम्हांस शोभणार नाहीं. मारूं नये, हा तिचा आग्रह. पण न मारणें म्हणजेच वांचविणें, असें तिनें मनाशीं धरलें, आणि येथें तिची गफलत झाली. वर सांगितलेला म्हशीचा मालक मारीत नाहीं. तो केवळ मरण दुसऱ्या दाराशीं नेऊन सोडतो. गल्लींतल्या कुत्र्याला रोज पोळी घालणारा गृहस्थ त्याला दरवर्षीं रेबीजची लस टोंचून घेण्याची खटपट करीत नसेल, तर त्याचीही जात तीच.

कुत्र्यांची गोष्ट निघालीच आहे, म्हणून थोडें विषयांतर करितों. कुत्रीं मारून रेबीज हटत नाहीं, हें पुष्कळ वर्षांच्या अनुभवानें ठरलें. मारलेल्यांच्या जागीं नवीं येतात आणि त्यांस लस टोंचलेली नसते. सुमारें सत्तर टक्के कुत्र्यांस लस टोंचली तर रोगाची सांखळी तुटते, असें शास्त्र सांगतें. म्हणजे १८३२ चे दंगेखोर आणि आजचे जंतुशास्त्रज्ञ अखेर एकाच निष्कर्षास येऊन पोंचले. मात्र पहिल्यांस तो भावनेनें सुचला आणि दुसऱ्यांस तो सिद्ध करण्यास दीड शतक लागलें. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानांतला बिबट्या या बाबतींत कोणत्याच पक्षाचा नाहीं. २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत असा अंदाज बांधला आहे कीं, तेथील सुमारें पस्तीस बिबटे वर्षाला पंधराशें भटकीं कुत्रीं खातात, आणि त्यामुळें श्वानदंशाचे सुमारें हजार प्रसंग टळतात. असा वैद्य आपण नेमलेला नाहीं आणि त्याला फीही द्यावी लागत नाहीं. पण त्याच्याकडून नीतीचा धडा घ्यावा असें कोणी सुचवूं नये.

आतां मूळ मुद्द्याकडे. हिशेब आणि दया यांचें मुंबईंत एकदां मोठें विलक्षण शेजार जमलें. सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगींतून परळ येथें बाई साकरबाई यांच्या नांवाचें जनावरांचें रुग्णालय झालें, आणि त्याच्याच आवारांत १८८६ सालीं पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालें. रुग्णालयाच्या मुळाशीं भूतदया होती. महाविद्यालयाला विद्या हवी होती, आणि विद्येला प्रेतें लागतात. पहिले प्राचार्य जॉन हेन्री स्टील हे त्यापूर्वीं १८८५ सालीं ब्रह्मदेशांत लष्करी खेंचरांच्या सर्रा रोगाचा शोध करून आले होते. खेंचरांस दुखलें म्हणून तो शोध झाला नव्हता. पलटणीचें सामान अडून राहूं लागलें म्हणून झाला, हें कबूल केलें पाहिजे. हिंदुस्थानांत पशुरोगांच्या संशोधनाची पहिली सरकारी प्रयोगशाळाही आपल्याच प्रांतांत, पुण्यास, १८८९ सालीं निघाली. पुढें चारच वर्षांत ती कुमाऊंच्या डोंगरांत मुक्तेश्वरास नेण्यांत आली. कारण जे जंतु तेथें हाताळावयाचे ते वस्तीपासून दूर असणें बरें.

त्या जंतूंत मुख्य होता तो बुळकांड्याचा. आजच्या वाचकांस हें नांव शिवीसारखें वाटेल. परंतु आपल्या पणज्यांच्या काळीं गांवांत तें उच्चारलें म्हणजे चुली थंड पडत. बैल गेले म्हणजे नांगर गेला, नांगर गेला म्हणजे वर्ष गेलें. १८६५ सालीं हा रोग इंग्लंडांत शिरला तेव्हां तेथील सरकारनें, प्रथम बराच वेळ दवडल्यावर, रोगी व संशयित गुरें मारण्याचा मार्ग धरिला आणि १८६७ पर्यंत देश निर्वेध केला. तोच मार्ग हिंदुस्थानांत चालेना. गाई-बैलांची सरसकट कत्तल करा, असें खेड्यांत जाऊन सांगण्याची छाती राज्यकर्त्यांस झाली नाहीं. त्यांनीं याला आपल्या लोकांचा अडाणीपणा म्हटलें असेल; पण या नकाराचा परिणाम पाहा. मारण्याची वाट बंद झाली, म्हणून दुसरी शोधावी लागली. मुक्तेश्वरास प्रथम रक्तरस तयार झाला. १८९७ सालीं स्वतः रॉबर्ट कोख दक्षिण आफ्रिकेंत बुळकांड्यावर काम करून मुंबईस प्लेगच्या शोधासाठीं आले असतां मुक्तेश्वरासही जाऊन आले. पुढें १९२० नंतरच्या दशकांत एडवर्ड्स यांनीं रोगाचा विषाणु एका शेळींतून दुसऱ्या शेळींत असा पुन्हां पुन्हां फिरवून इतका सौम्य केला कीं, तोच गुरांना टोंचला असतां त्यांस संरक्षण मिळूं लागलें. १९६० च्या सुमारास केन्यामध्यें वॉल्टर प्लोराइट यांनीं जिवंत शेळ्यांऐवजीं कांचेंत वाढविलेल्या पेशींवर लस तयार केली. भारतांतला शेवटचा प्रादुर्भाव १९९५ सालचा. २०११ सालीं सर्व जगच या रोगांतून मुक्त झाल्याचें जाहीर झालें. मनुष्यानें पृथ्वीवरून समूळ नाहींसे केलेले रोग दोनच. देवीनंतरचा दुसरा हा.

या कथेंतून आम्हांस जें दिसतें तें असें. बुळकांड्या दयेनें गेला नाहीं. पांजरपोळी कितीही बांधल्या असत्या तरी तो गेला नसता. तो संशोधनानें गेला. परंतु संशोधनाला त्या दिशेस वळविलें तें मारण्याच्या अनिच्छेनें. ज्याला मारणें सोपें वाटतें त्याला शोधाची निकड भासत नाहीं, आणि ज्याला मारणें अशक्य वाटतें पण शोधही करावयाचा नसतो त्याच्या गोठ्यांत रोग सुखानें नांदतो. दया ही उत्तर नव्हे; ती प्रश्न सोडूं न देणारी अडचण आहे, आणि विद्यापीठाच्या सांसर्गिक रोगांच्या विभागांत अशी अडचण कायम बसलेली असावी, असें आमचें स्पष्ट मत आहे.

कोणी म्हणेल, शेळ्यांचें काय? प्रश्न रास्त आहे. गाय वांचावी म्हणून शेळी मेली. लशीची परीक्षा पाहण्यासाठीं डोंगरी बैल मेले. आणि गोरक्षणाच्या सभांतून त्या शेळ्यांसाठीं कोणी अश्रु ढाळल्याचें आम्हांस ठाऊक नाहीं. आपली भूतदयाही जात पाहून वागते. पण याच कथेंत पुढची पायरी आहे: रक्तरसाहून शेळीची लस बरी, शेळीच्या लशीहून कांचेंतल्या पेशींची बरी. प्रत्येक पायरीवर ज्यांस मोल द्यावें लागलें त्यांची संख्या घटली. संशोधनाच्या नीतिमत्तेचें माप आम्हांस येथें सांपडतें. प्रयोगांत जनावर वापरलें कीं नाहीं, एवढ्यावर विभागाचा न्याय करितां येत नाहीं. दहा वर्षांपूर्वीं ज्या ज्ञानासाठीं पन्नास जनावरें लागत त्यासाठीं आज किती लागतात, आणि तीं कमी व्हावीं म्हणून तेथें कोणी झटतो आहे कीं नाहीं, हें विचारावें. १९६० च्या क्रौर्य-प्रतिबंधक कायद्यानें प्रयोगांवर देखरेख करणारी समिति नेमण्याची तरतूद केली. ती आवश्यकच होती. पण समितीपुढें कागद भरून देणें निराळें आणि त्या कागदांतल्या आंकड्यानें रात्रीं झोंप न लागणें निराळें. या मापानें पाहतां नवापूरच्या कोंबड्या आणि ग्लँडर्सचे घोडे यांचें देणें विद्येकडे अजून थकलेलें आहे.

आतां शिक्षणाविषयीं. या विभागांतला विद्यार्थी पहिलीं दोन वर्षें जें शिकतो तें बाहेरून पाहणाऱ्यास ओंगळ वाटेल. मेलेल्या जनावराचें पोट फाडणें, प्लीहेचा तुकडा न सांडतां कुपींत घेणें, फाशी रोगाचा संशय असल्यास प्रेत मुळींच न उघडतां कानाच्या शिरेंतून रक्ताचा एक थेंब कांचपट्टीवर घेणें, गोठ्यांतून निघतांना बूट धुणें. यांत नीतीचा संबंध काय? आमच्या मतें सर्व संबंध येथेंच आहे. फाशी रोगानें मेलेलें जनावर जो कळवळ्यानें पण अजाणतेपणें उघडतो, तो जंतूंना हवा देतो, आणि त्यांचीं बीजें त्या मातींत वर्षानुवर्षें टिकतात. लाळ्या-खुरकुताच्या गोठ्यांतून न धुतलेल्या बुटांनीं जो दुसऱ्या गोठ्यांत धांवत जातो, त्याच्या मनांत करुणा असते आणि तळव्याला विषाणु. येथें चांगुलपणा अंतःकरणांत असून भागत नाहीं, तो बोटांत उतरावा लागतो. सुई पहिल्याच खेपेस शिरेंत घालणें हें कौशल्य आहे, आणि तीच त्या म्हशीवर केलेली दयाही आहे.

याच्या उलट एक धोका आहे. शंभरावें प्रेत उघडतांना हात थरथरत नाहीं, आणि तो थरथरूं नयेच. पण मनालाही घट्टे पडूं लागतात. विद्यार्थी शवविच्छेदनाच्या ओट्यापाशीं थट्टा करितात, याचें आम्हांस भय वाटत नाहीं. थट्टा ही पुष्कळदां घाबरलेल्या मनाची ढाल असते. भय वाटतें तें जनावराचा क्रमांक मांडतांना तें जनावर होतें याचा विसर पडण्याचें. एखाद्या घोड्यास कायद्यानें मारावयाचें ठरलें तर त्याला ओळखीच्या माणसानें धरावें, नव्या दोरानें बांधूं नये, इतर घोड्यांदेखत नेऊं नये, एवढें शिकविण्यास निराळा अभ्यासक्रम लागत नाहीं. शिक्षकानें स्वतः तेथें उभें राहावें लागतें.

आणि त्या म्हशीच्या मालकास काय सांगावें? विद्यार्थ्यानें कागद दाबून ठेवूं नये, हें उघड आहे. २००९ च्या कायद्यानें कित्येक रोगांची वर्दी देणें मालकावर व पशुवैद्यावर बंधनकारकच केलें आहे. पण नुसती वर्दी देऊन तो निघून आला तर त्यानें शिपायाचें काम केलें, वैद्याचें नव्हे. म्हैस निराळी कशी बांधावी, तिचें दूध उकळल्यावांचून कोणाच्या तोंडीं कां जाऊं नये, गाभडलेलें रेडकूं व वार चुना घालून कोठें पुरावी, गोठ्यांतल्या लहान पारड्यांस चार ते आठ महिन्यांच्या वयांत लस कशी टोंचावी, हें त्यानें मालकापाशीं बसून सांगितलें पाहिजे. बाजार बंद केल्यावर त्या माणसाचें जें नुकसान होतें तें एकट्यानें सोसावें काय, हाही प्रश्न आहे. आमच्या मतें सोसूं नये. ज्यांच्या घरीं दूध जातें त्या सर्वांनीं करांतून तें वांटून घ्यावें. ज्या ठिकाणीं खरें बोलणाऱ्याचें दिवाळें निघतें त्या ठिकाणीं रोग लपविला जाणारच.

आपल्या मध्यमवर्गीय घरांतून या विद्येकडे कसें पाहतात, तें सांगण्याची गरज नाहीं. नीट परीक्षेंत गुण थोडे कमी पडले, माणसांच्या डॉक्टरीची जागा हुकली, म्हणजे मुलाला किंवा मुलीला पशुवैद्यकांत घालावें लागतें. आणि नातेवाइकांस सांगतांना आईबापांचा आवाज उतरतो. ‘ढोरांचा डॉक्टर’ या शब्दांत जी तुच्छता आहे ती ढोरांविषयींची कीं डॉक्टराविषयींची, हें सांगणें कठीण. २००५ च्या जुलैंत सांताक्रुझला एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्या पाण्यांतून चालत गेलेल्या मुंबईकरांत पुढें लेप्टोस्पायरोसिसची सांथ उसळली, तेव्हां उंदरांच्या व गुरांच्या मूत्रांतून येणारा हा रोग ओळखण्याची विद्या किती जवळची आहे हें सर्वांस कळलें होतें. पाणी ओसरलें, तसें तेंही ओसरलें.

बुळकांड्याचा विषाणु सृष्टींतून गेला असला तरी जगांतल्या कांहीं थोड्या प्रयोगशाळांच्या शीतपेट्यांत तो अद्याप बंद आहे. इंग्लंडांतील पिरब्राइट संस्थेनें २०१९ सालीं आपल्याजवळचे नमुने, त्यांची जनुकरचना टिपून घेतल्यावर, नष्ट केले. सर्वांनींच तसें केलेलें नाहीं. त्यामुळें या रोगाचें प्रकरण आजही अभ्यासावें लागतें: डोळ्यांतून व नाकांतून गळणारा स्राव, हिरड्यांवर कोंडा चिकटल्यासारखे व्रण, रक्तमिश्रित दुर्गंधी हगवण. आजच्या विद्यार्थ्यानें यांतलें कांहीं पाहिलेलें नाहीं, आणि पाहण्याचा प्रसंग त्याच्यावर कधीं येऊं नये. ज्या पशुवैद्यांनीं तें प्रत्यक्ष पाहिलें ते आतां निवृत्त होऊन कोणी मुलुंडास, कोणी बोरिवलीस राहत असतील. त्यांपैकीं एखाद्यास वर्षांतून एकदां वर्गांत बोलवावें आणि मुलांनीं त्यांस लक्षणें तर विचारावींच, पण गोठ्याच्या दाराशीं उभ्या असलेल्या शेतकऱ्याला त्यांनीं त्या दिवशीं काय सांगितलें, तेंही विचारावें.